खरातबाईंच्या नाटकातला बाप

खरातबाईंचा आवाज आधी यायचा, मग बाई. जिल्हा परिषदेची आमची प्रशाला बदनापूरपासून आत आठ किलोमीटरवर. बाई आणि मी, दोघंही जालन्याहून अपडाऊन करणारे. रेल्वेतून उतरलं की पुढं काळी-पिवळी जीप. त्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलेल्या बाई अगदी मागं लोंबकळणाऱ्या माणसाला त्याच्या म्हशीची खबरबात विचारायच्या. जीपवाला म्हणायचा, "मॅडम गाडीत असल्या की हॉर्नचं काम न्हाई." बाई खो खो हसायच्या. मी खिडकीबाहेर बघत बसायचो. सकाळी सकाळी एवढा उत्साह मला सोसत नाही.

मी गणिताचा मास्तर. नाटकाबिटकाचं मला पहिल्यापासून वावडं. बाई शिकवायच्या इतिहास-भूगोल, पण त्यांच्या अंगात नाटक होतं. वडील वस्तीतल्या जयंतीच्या जलशात गाणारे. गावोगाव जायचं, माईक नाही, आणि शब्द शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला कळला पाहिजे, हा त्यांचा दंडक. बाईंनी तो वर्गात चालवला. पोरगं पुटपुटलं की कानामागं हात धरून म्हणायच्या, "काय म्हन्ला राजा? तोंडात गुळाचा खडा धरला का काय?"

डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक आख्खा कांदा. तो कांदा त्या स्टाफरूमच्या टेबलावर, माझ्या तपासायच्या वह्यांच्या शेजारी, बुक्कीनं फोडायच्या. मी आठ्या घातल्या की अर्धा माझ्यापुढं सरकवायच्या. खाल्ला मी, बऱ्याचदा खाल्ला.

आणि गंमत अशी, की पोरांना मोबाईलपासून सांभाळून राहायला शिकवणाऱ्या या बाईकडं स्वतःचं बटणांचं डबडं होतं. शिक्षकांच्या ग्रुपवर त्या नव्हत्याच. हेडसर त्यांच्यापुरता आदेशाचा कागद छापून द्यायचे आणि दर वेळी "मॅडम, घ्या ना आता एखादा चांगला फोन" म्हणून कपाळावर हात मारायचे.

नाटकाची सुरुवात एका स्टिकरपासून झाली. आठवीतलं एक पोरगं मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला झोपलं. तास माझाच होता, लपवून काय करू. तोंड उघडं, लाळ गळालेली. कुणीतरी घरून चोरून आणलेल्या फोनवर फोटो काढला, त्याचं स्टिकर केलं, आणि आठ दिवसांत ते आख्ख्या गावाच्या ग्रुपांवर फिरलं. कुणाचा वाढदिवस असो, कुणी वारलेलं असो, खाली हे उघडं तोंड. पोरगं शाळेत यायचं बंद झालं.

बाईंनी कुणाला छडी मारली नाही. वर्गात गेल्या, आपलं डबडं टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मला यातलं काहीच येत न्हाई. तुम्ही शिकवा." झालं, पोरं फुशारली. स्टिकर कसं करायचं, दुसऱ्याच्या नावानं खातं कसं उघडायचं, पोरीचं तोंड कापून भलत्याच अंगावर कसं चिकटवायचं, सगळं सांगत सुटली. बाई मधेमधे एवढंच म्हणायच्या, "मंग?" त्या 'मंग'वर पोरं पोटातलं सगळं ओकायची. तास संपायच्या आत स्टिकर कुणी केलं ते करणाऱ्यानंच सांगून टाकलं, तेही ऐटीत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला पुढं घेतलं. आज तू तो झोपलेला. तोंड उघडं टाक, मान पाड, आणि असाच राहा. वर्गाला म्हणाल्या, हसा. पाच मिनिटं हसले, दहा मिनिटं हसले. पोरगं रडायला लागलं तरी हसू थांबेना. मी दारातून बघत होतो. मधल्या सुट्टीत त्यांना गाठून म्हटलं, "बाई, हे नाटक न्हाई, ही शिक्षा झाली. तुम्ही पण त्याचं स्टिकरच केलं."

आम्हा मास्तरांना असं कुणी तोंडावर म्हटलं तर आम्ही दहा कारणं देतो. बाई म्हणाल्या, "बराबर हाय सर. चुकले मी." तशाच उठून वर्गात गेल्या आणि सगळ्यांसमोर त्या पोराची माफी मागितली. माझ्या उभ्या नोकरीत मास्तरनं विद्यार्थ्याची माफी मागितलेली मी तेवढी एकदाच पाहिली. मग त्या झोपलेल्या पोराच्या घरी गेल्या, त्याला हाताला धरून आणलं. त्यानंतर त्यांच्या नाटकाचा नियम ठरला: आपल्यावर बेतलेलं आपण करायचं नाही, आणि आपण केलेलंही आपण करायचं नाही.

नाटक बसायला लागलं. मोबाईल दाखवायचा कसा, हा प्रश्न आला. पोरांनी पुठ्ठ्याचा माणसाएवढा मोबाईल करून आणला, रंगबिंग लावून. बाईंनी तो भिंतीला टेकवून ठेवला. "मोबाईल म्हंजे एक पोरगी. मधोमध उभी राहील. जो येईल तो तिच्या कानात सांगंल, आणि ती ते मोठ्यानं बोलंल. हसायचं न्हाई, रडायचं न्हाई. मोबाईलला कुठं लाज असती?"

हे काम नववीतल्या आरती म्हस्केला मिळालं. किडकिडीत पोरगी, दोन वेण्या वर बांधलेल्या, आणि आवाज स्टेशनावरच्या सूचनेसारखा सपाट. एकदा ऐकलेलं विसरायची नाही. आम्ही शनिवारी-रविवारी जवळपासच्या गावांत प्रयोग करायचो. आम्ही म्हणजे त्याच. मी आपला सतरंज्या मोजायला आणि पोरं घरी पोचली का बघायला. सुरुवातीला लोक हसायचे. कुणीतरी येऊन आरतीच्या कानाला लागायचं आणि आरती खणखणीत बोलायची, "काळे, तुला कोण करंल?" लोक फिदीफिदी हसायचे. मग पुढचा यायचा, मग त्याच्या पुढचा. शब्द घाण होत जायचे आणि हसू आटत जायचं. जे एकेकट्यानं लपून वाचायचं, ते एक चौदा वर्षांची पोरगी भर पारावर उभी राहून बोलतेय, म्हटल्यावर बाप्ये माणसं चपलांकडं बघायला लागायची. हेडसर म्हणाले, "मॅडम, शिव्या कमी करा." बाई म्हणाल्या, "सर, मी एक पन लिहिली न्हाई. समद्या पोरांनी त्यांच्या फोनातून आणल्यात."

माझं भांडण शेवटच्या प्रवेशावर होतं. मोबाईलवरून जिला हे सगळे शब्द जातात, ती छळलेली मुलगी त्यात बापाला म्हणते, "बाबा, माझं ऐकून घ्या." सगळं सांगते. बाप खांद्यावरचा गमछा सावरतो, तिच्या डोक्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "तुझी काय चूक? चल, आपण दोघं जाऊन तक्रार देऊ." मग सगळी पोरं एका सुरात म्हणतात, "घरी सांगा! घरी सांगा!" बायका पदरानं डोळे पुसायच्या. मला ते पटायचं नाही. एकदा मी म्हटलं, "बाई, हा बाप कुठल्या गावचा? आपल्या तालुक्यात तर दिसला न्हाई."

"माझा होता की सर."

मग त्यांनी सांगितलं. जालन्याला कॉलेजात असताना कुणीतरी संडासाच्या भिंतीवर त्यांचं नाव घालून नको ते लिहिलं होतं. महिनाभर खाली मान घालून फिरल्या, मग घरी सांगितलं. वडील दुसऱ्या दिवशी कॉलेजात आले, प्राचार्यांना भेटले, आणि बादलीभर पाणी घेऊन भिंत स्वतःच्या हातानं घासून काढली. पोरगी शेजारी उभी. घासता घासता गात होते, म्हणे. "असा बाप पाह्यला न्हाई म्हणून लोक असे न्हाईत सर. पाह्यला तर शिकतील." मला त्या वेळी हरकत घ्यायला जमलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

शाळेच्याच गावात प्रयोग झाला तेव्हा आरतीचे वडील, दादाराव म्हस्के, पहिल्या ओळीत होते. मोसंबीची बाग, गावात वजन असलेला माणूस. शेवटी त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या आणि बाईंना म्हणाले, "लई चांगलं काम करून राह्यल्या मॅडम. पोरींना हिंमत आली पाह्यजे." आरती चार हात लांब उभी राहून ऐकत होती.

पुढचं आम्हाला नंतर तिच्या आईनं सांगितलं. दोन महिन्यांपासून कुणीतरी आरतीच्या नावानं खोटं खातं काढलं होतं. मावसबहिणीच्या हळदीत नाचतानाचा तिचा फोटो, आणि खाली शब्द. तेच शब्द, जे ती गावोगाव मोठ्यानं बोलत होती. छळलेल्या मुलीचं काम करणारी जी पोरगी होती, तिला बाई प्रत्येक प्रयोगानंतर जवळ घेऊन बसायच्या, पाणी पाजायच्या, मन दुसरीकडं वळवायच्या. मोबाईलला कुणी काही विचारलं नाही. बाईंनी नाही, मी तर नाहीच.

आपल्या बापानं टाळ्या वाजवलेल्या तिनं पाहिल्या, आणि त्याच दिवशी जेवताना सांगितलं. शिकवलं होतं तसंच. आधी "बाबा, माझं ऐकून घ्या." मग सगळं, एका दमात, त्याच सपाट आवाजात, एक शब्द न गाळता. दादारावांनी ताट सरकवलं आणि हात धुवायला उठले. दुसऱ्या दिवसापासून आरती शाळेत आली नाही.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम जालन्याहून माझी मोटारसायकल आणली, आणि बाई तिच्यावर मागं बसून म्हस्क्यांच्या घरी गेल्या. दादाराव काही कसाई नव्हते, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी आम्हाला बाजेवर बसवलं, चहा टाकायला सांगितलं. डोळे सुजलेले होते त्यांचे.

"मॅडम, टाळ्या मी वाजवल्या, झूट कशाला बोलू. पन ते नाटक हाय. नाटकातल्या बापाला दुसऱ्या दिवशी गावात फिरावं लागत न्हाई. मला लागतंय. पारावरची पोरं मला पाहून फोन खिशात घालून राह्यलीत."

"आपण तक्रार देऊ दादाराव. मी संगं येते."

"मंग तालुक्याला पन माहीत होईल. माझी धाकटी हाय अजून."

"तिची चूक काय पन?" बाईंचा आवाज चढला.

"काहीच न्हाई. चूक न्हाई म्हनून तर चांगलं घर पाहून राह्यलो. चूक असती तर कुठंबी दिली असती."

माणूस हे असं शांतपणे, सरळ मनानं बोलतो, तेव्हा काय करायचं असतं? तेवढ्यात आरती पाणी घेऊन आली. वेण्या सोडून अंबाडा घातला होता. बाईंनी तिचा हात धरला. "आरती, तुला काय पाह्यजे? बोल, मी हाय ना." ती बापाकडं बघायला लागली, मग आईकडं. मग म्हणाली, "मॅडम, सहामाही परीक्षा कधी हाय?"

"परीक्षेचं बघू," दादाराव म्हणाले.

येताना बाई शाळेच्या फाटकाशी उतरल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. "सर, मी माझा बाप दाखवत फिरले. तिचा कसा हाय ते पाह्यलंच न्हाई. घरी सांगा, घरी सांगा... घर कुनाचं, कसं, काही इचारलं न्हाई."

मी म्हटलं, "तुमच्या मनात वाईट न्हवतं." असलं बोलणं किती पोकळ असतं, ते बोलल्यावर कळतं.

पण बाई बसून रडणाऱ्यातल्या नव्हत्या. ग्रामसेवकाला घेऊन पुन्हा म्हस्क्यांकडं गेल्या. अठरा पूर्ण झाल्याशिवाय पोरीचं लग्न करणार नाही, असं हमीपत्र लिहून घेतलं. दादारावांनी मुकाट्यानं सही केली. बाईंनी स्वतः जालन्यात पोलिसांकडं जाऊन खोट्या खात्याची तक्रार दिली. तिथं नीट ऐकून घेतलं, आणि खातं बंदही झालं. पण फोटो ज्यानं पाहायचा त्यानं पाहिला होता, आणि खातं कुणी काढलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आरती काही शाळेत आली नाही. रोज सकाळी बाई जीपमधून उतरल्या की आधी तिच्या घरावरून चक्कर मारून यायच्या. एका शुक्रवारी घराला कुलूप दिसलं. शेजारीण म्हणाली, "जांबला गेल्यात, समर्थाच्या दर्शनाला. जीप करून गेलते समदे."

चार दिवसांनी म्हस्के परत आले. सगळे आले, आरती सोडून. दर्शनाला कुणी गेलंच नव्हतं. जिल्ह्याबाहेर, आत्याच्या गावी, लग्न लावून आले होते. बाईंनी अर्ज केले, चकरा मारल्या. चौकशीची माणसं तिकडं पोचली तोवर सासरच्यांनी पोरीला आणखी पुढं कुठंतरी नातेवाइकांकडं पाठवून दिलं होतं. त्या दिवशी स्टाफरूममध्ये डबा न उघडता बाई म्हणाल्या, "जांबचा नवरदेव 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळाला, त्याला आपण हात जोडतो, सर. पोरगी पळाली असती तर?" हेडसर उठून घंटेचं बघायला गेले. घंटेला अजून वीस मिनिटं होती.

दोन महिने नाटक बंद राहिलं. मला वाटलं, सुटलो. एक दिवस बघतो तर बाई पुन्हा पोरांना गोळा करून बसलेल्या. मी चिडलो. "बाई, एक पोरगी गेली, अजून पुरे न्हाई झालं?"

"बंद केलं तर बाकीच्या पोरींनी काय करायचं सर? गप बसून सडायचं? सांगितलं तर लग्न लावतात, न्हाई सांगितलं तर आत जळतात. तुमच्या गणितात बसतंय का हे? सांगा मला." माझ्या गणितात बसत नव्हतं.

या वेळी त्यांनी चांगला फोन घेतला आणि नंबर प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर लिहिला. 'घरी सांगा' काढून 'आधी मला सांगा' घातलं. आणि शेवटचा प्रवेश बदलला. मुलगी म्हणायची, "बाबा, माझं ऐकून घ्या," आणि समोर बापच नसायचा. बाई पारावरून लोकांना विचारायच्या, "बाप कोण होतं? या वर. दोनच वाक्यं बोलायची." लोक एकमेकांना कोपरानं ढोसायचे, वर कुणी यायचं नाही. ती पोरगी तशीच उभी. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एका गावात एक म्हातारा उठला, वाटलं आला. तो जागेवरूनच म्हणाला, "मला चार पोरी व्हत्या, चारी देऊन मोकळा झालो. आता येऊन काय करू?" आणि बसला. दुसऱ्या एका गावात एक तरणा बाप खरंच वर चढला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, घसा खाकरला आणि म्हणाला, "तुझी चूक न्हाई बेटा. पन तो फोन दे इकडं." सगळं गाव हसलं. बाई नाही हसल्या. परतताना मला म्हणाल्या, "पहिलं वाक्य तर बराबर बोलला ना सर. इतकं तर इतकं."

पुढं त्यांची बदली झाली परतूरकडं. शाळेत शांतता झाली. ती मला आवडेल असं वाटलं होतं, पण नाही आवडली.

शेवटची भेट जालन्यातच, मस्तगडच्या बाजारात. मी चष्म्याची दांडी बसवून घ्यायला गेलो होतो आणि बाई एका साडीच्या दुकानाच्या पायरीशी उभ्या दिसल्या. केस पांढरे झालेले, हातात नाटकाच्या पडद्यासाठी घेतलेलं कापड. तिकडच्या शाळेतही पोरं जमवली होती. आम्ही बोलत होतो, तेवढ्यात दुकानातून एक सासू-सून बाहेर पडल्या. सुनेच्या कडेवर वर्षाचं लेकरू. मला ओळखायला वेळ लागला, बाईंना लागला नाही.

"आरती!"

ती थांबली. लेकरू सांभाळत वाकली, बाईंच्या पायाला हात लावला. सासू चार पावलं पुढं गेली होती. आरती हळूच म्हणाली, "मॅडम, मी घरी सांगितलं ते बराबर केलं ना?"

इतक्या दिवसांत तिनं हे कुणाला विचारलं असेल? कुणालाच नाही. बाईंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि भर रस्त्यात, सगळ्या दुकानांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बराबर केलं बाळा तू. बिलकुल बराबर केलं."

सासू वळली. "काय केलं गं? काय सांगितल्तं कुनाला?"

आरतीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. "काही न्हाई आत्याबाई. शाळंत नाटक होतं, त्यातलं इचारून राह्यल्या मॅडम." आणि मागं न बघता सासूच्या पाठोपाठ चालायला लागली.

बाई पायरीवर बसल्या. दुकानदार आतून म्हणाला, "ताई, जरा बाजूला सरका, गिऱ्हाईक येऊन राह्यलं." बाई सरकल्या. मला म्हणाल्या, "पाह्यलं सर? गप बसायला शिकली पोरगी."